तुटक रेघ

नकाशात सलग रेघ म्हणजे आहे,
तुटक रेघ म्हणजे प्रस्तावित.
एकोणतीस वर्षं आरेखक होतो,
त्यातली सहा या एकाच तुटक रेघेत गेली :
औंध, शिवाजीनगर, स्वारगेट, हडपसर, मंतरवाडी.

पहिल्यांदा ओढली काळ्या शाईत.
साहेब म्हणाले, वैशंपायन, जरा ठळक काढा,
मंत्री चष्मा विसरून येतात.
दुसऱ्यांदा लाल शाईत. सरकार बदललं होतं.
तिसऱ्यांदा रेघ कालव्यापलीकडे सरकवायची होती.
का, ते विचारायचं नसतं.
मी ब्लेडनं जुनी रेघ खरवडत बसलो
आणि ट्रेसिंग पेपरला भोक पडलं,
नेमकं मंतरवाडीत.

गयाबाई उबाळे त्या भोकात राहते.
सात वर्षं माझ्याकडे पोळ्या लाटतेय
आणि हे मला परवा कळलं.

पावणेपाचला निघते.
फाट्यापर्यंत पायी, पुढं कुणाच्या भाजीच्या टेम्पोत,
हडपसरहून बस, आली तर;
मनपाला उतरून दुसरी, थांबली तर.
अडीच तास. संध्याकाळी तेच उलटं.
उशीर झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाडा लावतात.
मी लावत नाही,
याचा मला थोडा अभिमान होता.

ती गेल्यावर मी पट्टी घेतली.
तिचं घर ते माझा ओटा : सेहेचाळीस सेंटिमीटर.
तीसची पट्टी दीड वेळा ठेवली तरी एक बोट उरतं.
अहवालाच्या परिशिष्ट 'क'मध्ये या अंतराला
एक्केचाळीस मिनिटं लिहिली आहेत.
अक्षर माझंच.

"नारळ फोडला होता की आमच्याकडं," ती म्हणाली,
"दोनदा. एकाच दगडावर.
खोबरं गोड होतं पहिल्या बारीचं.
मग मालकानं हजार रुपयं वाढवलं,
म्हणला, टेसन येतंय.
टेसन नाही आलं, काका. भाडं आलं."

कालव्यापलीकडे आता बावीस मजले आहेत.
रविवारी ती तिथल्या नमुना फ्लॅटची धूळ पुसते.
दिवाणखान्यात काचेच्या पेटीत छोटं स्टेशन ठेवलंय,
झाडं, बाकं, टोपी घातलेला इवलासा माणूस.
"तिथं गाडी हाय ना.
बटण दाबलं की फिरती. अगदी टायमावर."
मी हसलो नाही.
माझ्या जावयानं तिथं दोन बुक केलेत,
राहायला नव्हे.

मग मला काय सुचलं कोण जाणे,
माळ्यावरची जुनी अमोनिया प्रिंट काढली,
जेवणाच्या टेबलावर पसरली,
चार कोपऱ्यांवर मीठ, हळद, तिखट, आणि माझा चष्म्याचा डबा.
तिनं हात पदराला पुसले, तरी पीठ राहिलंच.
कालवा तिला लगेच सापडला.
मग कचरा डेपो, मग शाळा.
बोट ठेवलं तिथं पांढरा ठसा उमटला,
माझ्या स्टेशनच्या चौकोनापेक्षा मोठा.

ठशापासून ती रेघेवरून निघाली, हळू,
हडपसर, स्वारगेट,
बोट मध्येच थांबवत, पुन्हा पुढे नेत.
"काका, ह्या मधल्या फटी कशाच्या?"

एकोणतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हणालो, त्या… म्हणजे प्रस्तावित आहे.

"म्हंजी तेवढं चालत जायचं?"

तव्यावरची पोळी करपली होती.
ती तिनं स्वतःसाठी बाजूला ठेवली, नेहमीसारखी,
घड्याळ बघितलं, पावणेआठ,
आणि चपला घालता घालता म्हणाली,
मीठ उचला त्या कागदावरनं,
दमट हवेत विरघळंल.